वीस घरांची एक भिंत

बेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले, त्यामागे ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हती. सावंतवाडीजवळच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी पंधरा-सोळा वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते, तिथे विज्ञान शाखेला मुलं येईनाशी झाली होती. शेवटी शेवटी तर प्रयोगशाळेत माणसांपेक्षा होकायंत्रं जास्त होती. असंच चाललं असतं तर मी 'अतिरिक्त' ठरले असते. अतिरिक्त शिक्षकाला जिल्ह्यात कुठेही पाठवतात आणि काहीही शिकवायला लावतात. आमच्या रसायनशास्त्राच्या एक बाई अशाच अतिरिक्त होऊन दुसऱ्या तालुक्यात चित्रकला शिकवत होत्या. त्या ती चांगली शिकवत होत्या, हे आणखी भीतीदायक होतं.

त्याच सुमारास जिल्ह्यात कर्करोगावरच्या किरणोपचाराचं केंद्र निघणार अशी बातमी आली. आमच्याकडचे रुग्ण त्यासाठी गोव्याला, कोल्हापूरला नाहीतर मुंबईला जातात. असं केंद्र चालवायचं तर नियमाप्रमाणे तिथे वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ लागतो. किती किरण द्यायचे हे डॉक्टर ठरवतात आणि यंत्र ते देतं. यंत्र खरोखर तेवढेच देतंय ना, हे तपासत राहणारा माणूस म्हणजे हा तज्ज्ञ. थोडक्यात, दुकानदाराच्या काट्यावर नजर ठेवायची. माझ्या स्वभावाला हे काम जमण्यासारखं होतं. मी कोल्हापूरच्या एका संस्थेत वैद्यकीय किरण भौतिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि दोन वर्षांची बिनपगारी रजा मागितली. प्राचार्यांनी ती दिली, पण बजावलं की दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. तेवढ्यात पदवी मिळाली तर आनंद आहे, नाहीतर जिथे पाठवतील तिथे मुकाट्याने रुजू व्हायचं. मला डोळ्यांसमोर रंगपेटी दिसायला लागली.

नवरा कुडाळला बँकेत. मुलगी अकरावीत. दोघांनाही कुकर लावता येतो हे मी गेल्यावर मला कळलं, आणि त्यांनाही.

वर्गातली बाकीची मुलं बावीस-तेवीस वर्षांची होती. पहिल्या दिवशी मी आत गेले तेव्हा सगळी उठून उभी राहिली. मी त्यांना बसा म्हटलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. माझे मार्गदर्शक माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते. ते मला मॅडम म्हणत आणि मी त्यांना सर म्हणे. दारातून आधी कोणी जायचं यात आमचा बराच वेळ गेला.

पहिलं वर्ष आम्ही पाण्याच्या टाकीसमोर काढलं. माणसाच्या शरीरात किरण किती खोल जातात हे मोजायचं असलं की माणसाच्या जागी पाणी ठेवतात, कारण किरणांच्या दृष्टीने माणूस म्हणजे बऱ्यापैकी पाणीच. सुट्टीत घरी आल्यावर मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या गावात, मालवण तालुक्यातल्या आमच्या घरी एकट्या राहतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की मग ते किरण विहिरीत सोडावेत, माणसाला कशाला त्रास. त्यांच्यापुढे शास्त्र सांगायचं ते जपून, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी प्रबंध होता. सरांनी विषय सुचवला तो असा. दगडातून, मातीतून, आकाशातून थोडा किरणोत्सार आपल्यावर कायम पडत असतो. त्याने काही बिघडत नाही. पण किरणांच्या खात्यात काम करणारी माणसं छातीला किरण मोजणारा जो बिल्ला लावतात, त्यात आलेल्या आकड्यातला कामाचा भाग किती आणि तिथल्या दगडामातीचा किती, हे वेगळं करता आलं पाहिजे. तेव्हा बिल्ल्यातली तीच कार्डं वेगवेगळ्या प्रकारच्या घरांत तीन महिने टांगून ठेवायची आणि आकडे ताडून बघायचे. आमच्याकडे जांभ्या दगडाच्या चिऱ्याची घरं आहेत, मातीच्या भिंतींची थोडी उरली आहेत, आणि मुंबईच्या पैशावर उभी राहिलेली स्लॅबची तर वाढतच आहेत. मी सासरचं गाव निवडलं. राहायची सोय होती आणि मला नाही म्हणणारं कोणी नव्हतं. आमच्या गावात सुनेला नाही म्हणतात, पण शिकलेल्या सुनेला तोंडावर म्हणत नाहीत.

लोकांच्या घरात काही टांगायचं तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. समितीने चार महिने विचार केला. कार्ड पाहून घरातल्या माणसांच्या मनावर ताण येईल का, असं त्यांनी लेखी विचारलं. मी लेखी कळवलं की येणार नाही. ताण माझ्यावर येणार होता, पण तो रकाना नव्हता.

दिवाळी झाल्यावर मी वीस घरांत वीस कार्डं टांगली. कार्ड म्हणजे काडेपेटीहून जरा मोठी, प्लास्टिकची चपटी डबी; आत पांढऱ्या गोळ्यांसारख्या तीन चकत्या. किरणोत्सार त्या चकत्यांत साठत जातो. नंतर त्या यंत्रात तापवल्या की साठलेलं सगळं उजेडाच्या रूपाने बाहेर पडतं आणि तो उजेड मोजला की आकडा मिळतो. एकदा तापवलं की कार्ड कोरं होतं, पुन्हा वाचता येत नाही. हे सगळं मी घराघरात सोप्या भाषेत सांगितलं: घरात जे काही असतं ते या कार्डात भरत जातं, तीन महिन्यांनी आम्ही ते बाहेर काढून बघणार. लोकांना पटलं. मलाही माझं समजावणं आवडलं होतं. सोप्या भाषेने काय होतं ते मला नंतर समजलं.

वीस घरांतलं एक माझ्या चुलतजावेचं. तिच्या मुलाने तिला नवं स्वयंपाकघर बांधून दिलं होतं. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, भिंती छातीपर्यंत ग्रॅनाइटच्या आणि उंबरठाही ग्रॅनाइटचा. कार्ड कुठे लावू विचारल्यावर तिने ओट्यावरची, आल्यागेल्याला दिसेल अशी जागा दाखवली. मला ते सोयीचंच होतं. ग्रॅनाइटमध्ये किरणोत्सार इतर दगडांपेक्षा थोडा जास्त असतो, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. माझ्या सगळ्या प्रबंधात एवढ्या एकाच गोष्टीची मला आधीपासून खात्री होती, की हे घर वेगळं उठून दिसणार.

मग गावपळण आली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावात काही वर्षांनी एकदा, देवाने कौल दिला की, सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी. मागे कोणी उरायचं नाही आणि मध्येच कोणी परतायचं नाही. ते तीन दिवस गाव देवाचा आणि देवाबरोबर जे कोणी असतील त्यांचा. बाहेर माळावर झावळ्यांच्या झोपड्या घालून लोक रांधतात, भजन करतात, पत्ते कुटतात, जुनी भांडणं मिटवतात आणि नवी सुरू करतात. पुन्हा कौल झाला की परततात. त्या वर्षी कौल आला तेव्हा मी परीक्षेसाठी कोल्हापुरात होते. सासूबाईंना फोन करून मी सांगितलं की कार्डांना हात लावू नका, ती भिंतीवर आहेत तशी राहू देत. त्या म्हणाल्या, "बरां."

आमच्या घरात 'बरां' म्हणजे ऐकलं. पटलं असं नाही. लग्नाला वीस वर्षं होऊनही मी हे विसरले, याचा दोष मी परीक्षेला देते.

उलट मी खूश होते. सरांनाही सांगितलं. तीन दिवस घरात चिटपाखरू नाही, कार्डाला कोणाचा धक्का नाही. प्रयोगाच्या शिस्तीच्या दृष्टीने ही प्रथा सरांना फार आवडली. सगळ्याच गावांनी ती पाळावी असं त्यांचं मत पडलं.

तीन महिने भरले तेव्हा माझं रुग्णालयातलं प्रशिक्षण चालू होतं आणि सुट्टी मिळेना. सासूबाई म्हणाल्या, तू येऊ नको, मी पाठवते. फोंडाघाटावरून कोल्हापूरला येणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर आमच्या गावचाच. त्याच्याबरोबर स्टीलचा डबा आला. वर कुळथाची पिठी, मध्ये कोकमाची सोलं आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीस कार्डं. वीसच्या वीस. वीस घरं, पोरंटोरं, उंदीर, आणि एकही कार्ड हरवलं नव्हतं. मी फोनवर त्यांचं कौतुक केलं. इतकं नीट काम झालेलं दिसलं की थांबून शंका घ्यावी, हे मी आता यंत्रांच्या बाबतीत इतरांना सांगत असते.

कार्डं तापवली. आकडे आले. वीसही घरांचे आकडे जवळपास सारखे होते.

सरांना आनंद झाला. घर मातीचं असो, चिऱ्याचं असो की स्लॅबचं, किरणोत्सारात फरक पडत नाही असा स्वच्छ निष्कर्ष निघत होता. इतका स्वच्छ निष्कर्ष त्यांच्या हाती आजवर लागला नव्हता. त्यांनी संध्याकाळीच शोधनिबंधाचा पहिला परिच्छेद लिहून टाकला. मी ग्रॅनाइटचं विचारलं. ते म्हणाले, नमुना लहान आहे, मॅडम. मी म्हटलं, नमुना लहान असला तरी जावेचं स्वयंपाकघर लहान नाही. त्यांना ते विशेष वाटलं नाही, कारण त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं.

माझ्या रजेचे जेमतेम साडेतीन महिने उरले होते. शहाणपण सांगत होतं की मिळालंय ते लिहून मोकळं व्हावं. पण छातीपर्यंत ग्रॅनाइट लावलेली खोली आणि शेणाने सारवलेली मातीची खोली यांचा आकडा एकच येतो, हे काही केल्या मला गिळता येईना. शनिवारी मी एसटी धरली आणि गावी गेले.

आधी जावेकडे गेले. ओट्यावरचा खिळा रिकामा होता. कार्ड इथेच होतं ना शेवटपर्यंत, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हयच होता," ती म्हणाली. "पळणीपर्यंत."

"आणि नंतर?"

"नंतर मोठ्या आयेकडे. सगळ्यांचीच थय गेली." मोठी आये म्हणजे माझ्या सासूबाई. "तुका म्हायत नाय?"

मी आणखी दोन घरांत खात्री करून घेतली आणि मग घरी आले. काजूचे दिवस होते. सासूबाई मागच्या पडवीत बसून बोंडांच्या बिया पिळून काढत होत्या. मी समोर बसले आणि पळणीत कार्डं कुठे होती ते विचारलं.

"खंय आसतली? आमच्या वांगडा."

"मी ती भिंतीवरच ठेवायला सांगितली होती, आई."

"सांगलंस. पण घरात जा काय आसता ता कार्डात भरता, असा पण तूच सांगलंस मा? त्या तीन दिवसांत घरात कोण आसता, ता तुका ठावक आसा? ता सगळा कार्डात भरला आसता आणि तुझ्या सराक गेला आसता. मगे तो म्हणतलो, ह्या बायचो गाव तरी कसलो."

बिया काढणं चालूच होतं. जिथलं मोजायचंय तिथलंच कार्डात गेलं पाहिजे, भलतीकडचं जाता कामा नये, हा आमच्या शास्त्राचा पहिला नियम आहे. मी तो परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. फक्त 'भलतीकडचं' म्हणजे काय, यावर माझं आणि गावाचं एकमत नव्हतं.

"बरं, मग परत आल्यावर ज्याचं त्याचं का नाही दिलंत?"

"कोणाचा खंयचा ता कळाक नको? सगळी एकसारखी. माळावर एकाच पिशवेत भरून ठेवललंय. म्हणान हय दोरयेर टांगलंय."

त्यांनी मानेने दाखवलं. पडवीच्या चिऱ्याच्या भिंतीला लागून एक सुंभाची दोरी होती. एका टोकाला कांद्याची माळ, दुसऱ्या टोकाला दिवंगत सासऱ्यांची छत्री. मधल्या जागेत दोन महिने माझा प्रबंध वाळत होता.

"मला फोन का नाही केला?"

"तुझी परीक्षा होती. आणि सांगून काय झाला आसता? वैतागली आसतंस." मग माझ्याकडे बघून त्यांना जरा दया आली असावी. "अगो, भिंत ती भिंत. हयची काय नी थयची काय."

शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात सरांनी अगदी हेच लिहिलं होतं, जरा लांबलचक.

परतीच्या एसटीत घाट चढेपर्यंत मी हिशेब केला. न सांगता पुढे जाता आलं असतं. पण ही गोष्ट अख्ख्या गावाला माहीत होती, आणि आमच्या गावची माणसं मुंबईत, गोव्यात, कोल्हापुरात, जहाजांवर, सगळीकडे आहेत. डबा आणणाऱ्या ड्रायव्हरचा भाचा आमच्याच रुग्णालयात एक्स-रे काढायच्या कामावर होता. असलं गुपित पोटात ठेवून पदवी घेणं व्यवहाराला धरून नव्हतं. शिवाय मला पुढे जन्मभर दुसऱ्याच्या काट्यावर नजर ठेवायची होती, त्याची सुरुवात स्वतःचा अंगठा पारड्यावर ठेवून करणं जरा लवकर झालं असतं.

सोमवारी सरांना सांगितलं. त्यांनी संगणकावर तो पहिला परिच्छेद उघडला. त्या शोधनिबंधावर त्यांचीही काही गणितं असणार. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तोंडी परीक्षेत हे कोण विचारणार आहे?"

"ग्रॅनाइटचं कोणीही विचारेल, सर."

त्यांनी मान हलवली आणि फाइल बंद केली. नंतर त्यांनी जे विचारलं त्यामुळे मी त्यांना मनापासून सर म्हणायला लागले. ते म्हणाले, "वीसही कार्डं एकाच दोरीवर होती? दोन महिने?"

"छत्रीच्या शेजारी."

ते उठून फेऱ्या मारायला लागले. कार्डं एकमेकांशी किती जुळतात हे तपासायचं तर ती सगळी एकाच जागी, एकसारखी ठेवावी लागतात. हे प्रयोगशाळेत थोडा वेळ करतात. राहत्या घरात, दमट हवेत, दोन महिने कोण करत बसणार? पहिला महिना वेगवेगळ्या घरांत गेला होता, म्हणजे थोडा फरक त्यातून आलेला असणार. तो धरूनही आकडे इतके जवळ होते. तेव्हा कार्डं विश्वासाची होती, असं म्हणायला हरकत नव्हती. हे एक प्रकरण झालं. पण एका प्रकरणाचा प्रबंध होत नाही. घरांचं मोजमाप पुन्हा करावं लागणार होतं. रजा संपायच्या आत कार्डं फार तर दोन महिने टांगता आली असती, आणि तीही लगेच, त्याच आठवड्यात.

समितीची परवानगी वर्षभराची होती, म्हणून तिथे पुन्हा चार महिने गेले नाहीत. गावात मात्र अडलं. मी कोरी कार्डं घेऊन गेले तर लोकांनी चहा दिला, बसायला दिलं, आणि कार्ड कोणी घेईना. जाव म्हणाली, मानकऱ्यांना विचार. मानकरी म्हणजे देवळातल्या कामात ज्यांचा पहिला मान ते म्हातारे गृहस्थ, नात्याने माझे चुलतसासरे. ते म्हणाले की कार्डं पळणीत गावाबाहेर गेलेली आहेत. माणसं कौल घेऊन परत आली, गुरं आली, पण कार्डांचा कौल कोणी घेतलाच नव्हता. घराघरात ती पुन्हा लावायची तर विचारायला हवं. ही नवी कार्डं आहेत असं मी म्हटलं असतं, पण ती नवी नव्हती. तीच होती, कोरी करून आणलेली. शास्त्रदृष्ट्याही मानकऱ्यांचं बरोबर होतं, ही त्यातली वैतागाची गोष्ट.

सकाळी देवळात गेलो. गुरवाने देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. मानकरी हात जोडून गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या सुनेन जी कार्डां हाडल्यान हत, ती घराघरात लावची काय नको, ता तू सांग. आणि लावची तर तेच्यात खरा आसात ता येवंदे, खोटा येवक नको, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले. मोजमापाबद्दल याहून नेमकं मागणं मी आमच्या समितीच्या कागदांतही वाचलेलं नाही.

मी कौलाला कधी विरोध केलेला नाही आणि त्याच्यावर कधी विसंबलेही नाही. पण डावी पाकळी गेली तर गावात एकही खिळा मला मिळणार नव्हता, आणि दुसरं गाव शोधून तिथल्या लोकांना पटवायला दिवस उरले नव्हते. म्हणजे माझी पदवी, रजा आणि उरलेली नोकरी त्या दोन पाकळ्यांवर होती. डावी पाकळी आधी हलली. थोडी घसरली आणि थांबली. ओलावा, वजन, दगडाचा खडबडीतपणा, चिकटून राहण्याचं बळ, हे सगळं मी अकरावीला शिकवलेलं आहे. त्यातलं काहीही त्या वेळी उपयोगी पडलं नाही. मी नुसती बघत होते. मग उजवी एकदम खाली आली.

मानकऱ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "झाला मा तुझा? लाव आता."

समितीला चार महिने लागले होते. इथे पूर्ण प्रकरण न्याहारीच्या आत आटोपलं.

कार्डं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून काय करावं, असा माझा विचार चालला होता. सासूबाई म्हणाल्या, "पळणीत कोंबयेच्या पायाक चिंदी बांदतत, तशी बांद." माळावर सगळ्यांच्या कोंबड्या एकत्र फिरतात, म्हणून जो तो आपल्या कोंबडीला आपल्या रंगाची चिंदी बांधतो आणि ते रंग गावात सगळ्यांना पाठ असतात. मी त्यांना विचारलं की हे गेल्या वेळी का सुचलं नाही. त्या म्हणाल्या की गेल्या वेळी कार्डं उडून जाण्यासारखी वाटली नव्हती. प्रबंधात मी 'प्रत्येक घरासाठी स्वतंत्र रंगखूण' असं लिहिलंय.

या वेळी दर पंधरवड्याला मी स्वतः येऊन प्रत्येक खिळा बघून गेले. शेवटी कार्डं मीच उतरवली, मीच नेली आणि डब्यात सोलं घालू दिली नाहीत. आकडे आले ते घराघराचे वेगळे. मातीची घरं आणि चिऱ्याची घरं यांत थोडा फरक. आणि सगळ्यांच्या वर, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, जावेचं स्वयंपाकघर. धोक्याच्या पातळीपासून कित्येक कोस लांब, पण सगळ्यांच्या वर.

ते तिला सांगायचं कसं याची मला काळजी होती. मी बरीच प्रस्तावना केली. यात घाबरण्यासारखं काही नाही, विमानाने एकदा परदेशी जाऊन आलं तरी अंगावर थोडा जादा किरणोत्सार पडतो, असं सगळं सांगून मग आकडा सांगितला. ती शांतपणे ऐकत होती.

"म्हणजे वीस घरांत आमचा पयला?"

मी म्हटलं, तसं म्हणता येणार नाही.

"पण जास्त आमचाच ना?"

जास्त तिचंच होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की किरणांच्या परीक्षेत तिचं घर पहिलं आलं. शेजारणीने मला बाजूला घेऊन ग्रॅनाइट कुठून आणलं होतं ते विचारलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक ज्येष्ठ परीक्षक आले होते. रजेची शेवटची तारीख त्याच आठवड्यातली होती आणि त्यांनी नुसती एखादी दुरुस्ती सुचवली असती तरी मी गेले असते. त्यांनी घरांच्या आकड्यांचं प्रकरण भराभर उलटलं. ज्याच्यासाठी मी देवाला साकडं घातलं होतं, त्याची पानं त्यांनी चहाचा कप हातात असताना पाहिली. मग कार्डांच्या एकसारखेपणाच्या प्रकरणावर थांबले. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"ही मांडणी चांगली आहे," ते म्हणाले. "वीसही कार्डं, एकच भिंत, राहतं घर, इतका काळ. सहसा कोणी हे कष्ट घेत नाही. कल्पना कोणाची?"

सर खिडकीबाहेर बघत होते.

"सासूबाईंची," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी विनोद करतेय. पण मी विनोद करण्यातली नाही हे माझ्या चेहऱ्यावरून दिसतं, असं माझी मुलगी म्हणते. त्यांनी विचारलं, त्यांना या क्षेत्रातला काही अनुभव आहे का. मी सांगितलं की त्यांना गावपळणीचा अनुभव आहे, आणि मग जे घडलं ते सगळं सांगितलं, छत्रीसकट. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले की प्रबंधात हे जसं घडलं तसं लिहिलेलं आहे ना. मी पान काढून दाखवलं. त्यांनी ते वाचलं, सही केली आणि उरलेला चहा संपवला.

आता मी जिल्ह्यातल्या त्या किरणोपचार केंद्रात आहे. संध्याकाळी काम संपलं की सगळ्यांनी आपापले बिल्ले काढून एकाच जागी, यंत्रापासून लांब, ओळीने टांगायचे असा नियम आहे. एखादा नवा मुलगा विसरतो आणि बिल्ला तसाच घरी नेतो. मी त्याला बोलावून विचारते की तुझ्या घरी रात्री काय काय असतं ते मला कशाला सांगतोस. तो गोंधळतो, पण पुन्हा विसरत नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेर आल्या आल्या मी गावी फोन लावला. पास झाले, पदवी मिळाली, रजा संपायच्या आत झालं, असं एका दमात सांगितलं.

"बरां," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि माझो डबो खंय आसा?"

डबा सरांच्या कपाटात होता. त्यात ते संस्थेची कोरी कार्डं ठेवायला लागले होते. झाकण घट्ट बसतं म्हणत होते. मी त्यांच्याकडे दोनदा मागितला. अजून दिलेला नाही.